इंग्रजी 'राइमिंग वर्ड्‌स': गेटपाशी उभं राहून विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या विश्रामबागेत घरच्या पुढच्या खोलीत मी पहिली ते दहावीच्या मुलांचा इंग्रजीचा क्लास घेते. जून उजाडला की राइमिंग वर्ड्‌सचे तेच प्रश्न पुन्हा येतात. काही व्हॉट्सअ‍ॅपवर, काही गेटपाशी गाडी चालूच ठेवून, एखादा रात्री साडेनऊला, उद्या पेपर आहे म्हणून. शेवटी सगळं एकदाच लिहून काढलं. इंग्रजी शब्द मुद्दाम देवनागरीत लिहिले आहेत, त्याचं कारण पुढे येईलच.

राइमिंग वर्ड म्हणजे शेवटचं अक्षर सारखं असलेला शब्द ना, मॅडम?

नाही. अक्षर नाही, आवाज. आणि नुसता शेवटचा आवाजही पुरत नाही. शब्दातल्या ज्या स्वरावर जोर पडतो, तिथपासून शेवटपर्यंत सगळं सारखं ऐकू आलं पाहिजे, आणि त्या स्वराच्या आधीचं व्यंजन वेगळं पाहिजे. कॅट, बॅट, रॅट, हॅट. पुढचं व्यंजन बदललं, 'अ‍ॅट' जागेवर राहिला. जमलं.

कॅटसारख्या एकाच स्वराच्या शब्दात जोर कुठे हा प्रश्नच येत नाही. घोटाळा लांब शब्दांत होतो. सिंगिंग आणि रनिंग, दोन्हीच्या शेवटी 'इंग', म्हणून मुलं जोडी लावून मोकळी होतात. पण जोर पहिल्या भागावर आहे. एकीकडे 'सिंग', दुसरीकडे 'रन'. सिंगिंगला रिंगिंग चालेल, रनिंगला स्टनिंग. स्टेशनला नेशन चालेल, लोशन नाही, लोशनला मोशन. टेबलला केबल आणि स्टेबल. डॉक्टर आणि मास्टर यांची जोडी एका वहीत मी दरवर्षी एकदा तरी खोडते.

यात मुलांचा दोष कमी आहे. मराठीत आपण 'येते' आणि 'जाते' हे यमक म्हणून खुशाल चालवतो, कारण शेवटचा 'ते' आपल्याला पुरतो. तोच कान घेऊन पोरं इंग्रजीत जातात.

म्हणजे यमक आणि राइम एकच नाही?

रोजच्या बोलण्यात एकच. मीही वर्गात 'यमक' असंच म्हणते. पण आठवी-नववीची मुलं मराठीच्या तासाला अलंकार शिकून आली की अडतात, आणि त्यांचं अडणं बरोबर असतं. संस्कृत काव्यशास्त्रात यमक म्हणजे तोच वर्णसमूह पुन्हा येणं, पण अर्थ वेगळा असणं. 'सुमन' एकदा फूल आणि एकदा चांगलं मन, असं काहीतरी. इंग्रजीत याला राइम म्हणून फारसा मान नाही. समुद्राचा 'सी' आणि बघण्याचा 'सी', लिहिण्याचा 'राइट' आणि बरोबरचा 'राइट', या जोड्या इंग्रजीत लंगड्या धरतात, कारण आधीचं व्यंजनही तेच राहिलं. म्हणजे जे आपल्याकडे अलंकाराचं खरं लक्षण, तेच तिकडे उणेपण! इंग्रजीतलं राइम आपल्या अंत्यानुप्रासाच्या, म्हणजे अंत्ययमकाच्या, जास्त जवळ जातं. परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात 'सी–सी' लिहू नका.

स्पेलिंग सारखं आहे, तरी बाईंनी चूक दिली. का?

कारण स्पेलिंग डोळ्याला सारखं आहे, कानाला नाही. याचं माझं आवडतं उदाहरण मुलीचं आणि हसण्याचं आहे. डॉटर आणि लाफ्टर. स्पेलिंगमध्ये फक्त पहिलं अक्षर वेगळं, डी आणि एल. पुढची सगळी तीच. पण डॉटर जातो वॉटरबरोबर, आणि लाफ्टर जातो आफ्टरबरोबर. तसंच ओ-एन-ई या तीन अक्षरांचं. डन, बोन, गॉन. तिघांची तीन तोंडं. लव्ह आणि मूव्ह, फूड आणि ब्लड, हर्ड आणि बिअर्ड, हीसुद्धा त्याच माळेतली. इंग्रजीत अशा जोडीला 'आय राइम' म्हणतात, म्हणजे नुसतं डोळ्यांपुरतं यमक.

उलटही होतं. बर्ड, वर्ड, थर्ड, हर्ड यांची स्पेलिंगं तीन दिशांना, पण यमक पक्कं. वन, सन, डन, रन तसेच.

म्हणून मी मुलांना एक युक्ती देते. दोन्ही शब्द आधी देवनागरीत लिहा, मग बघा. देवनागरी बहुतेक ठिकाणी आवाजच लिहिते, त्यामुळे स्पेलिंगची भूल उतरते. शाळेत काही बाई वहीत इंग्रजी शब्दावर मराठी उच्चार लिहिला की रागावतात. या एका कामासाठी तरी रागावू नये असं मला वाटतं. युक्ती कुठे फसते तेही आहे, जरा खाली सांगते.

ओ-यू-जी-एच एकदा समजावून सांगा. पोरगं रडकुंडीला आलंय.

मोठी माणसंही येतात. शेवटी ही चार अक्षरं दिसली तर उच्चार शब्दागणिक पाठच करावा लागतो, नियम नाही. रफ, टफ, इनफ हे तिघे स्टफबरोबर. कॉफ हा ऑफबरोबर. दो, म्हणजे 'जरी' या अर्थाचा, गो आणि शोबरोबर. थ्रू हा ब्लू आणि शूबरोबर. नांगर म्हणजे प्लाऊ, तो नाऊ, हाऊ, काऊबरोबर. आणि पुढे टी आला की थॉट, बॉट, ब्रॉट, जे टॉट आणि कॉटशी जुळतात, म्हणजे 'शिकवलं' आणि 'पकडलं' या अर्थांच्या.

पाठ करताना अशी गटवारी करूनच करा. एकेक सुटा शब्द घोकला तर दुसऱ्या दिवशी खोकल्याचा 'कॉफ' 'काऊ' होतो. आणि काऊ म्हणजे गाय हे पहिलीच्या पोराला पटवणं हा वेगळा कार्यक्रम, कारण त्याच्या घरी काऊ म्हणजे खिडकीवर येणारा कावळा.

पण इंग्रजांनी असं करून ठेवलंच का?

कोणी ठरवून केलं नाही. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, आणि हळूहळू छापलेली स्पेलिंगं घट्ट होत गेली. नेमक्या त्याच काळात, साधारण पंधराव्या ते अठराव्या शतकात, इंग्रजीचे लांब स्वर तोंडातल्या तोंडात जागा बदलत होते. आवाज पुढे सरकला, अक्षरं मागे राहिली. ते जी-एच पूर्वी खरोखर उच्चारलं जायचं, घशातून घासून येणारा 'ख'सारखा आवाज. पुढे काही शब्दांत तो नुसता गळाला, काहींत त्याचा 'फ' झाला. रफ आणि थ्रूमधला फरक तिथला.

त्यामुळे जुन्या कवितेत आज न जुळणारी यमकं सापडतात. शेक्सपिअर, 1564 ते 1616, 'लव्ह' आणि 'प्रूव्ह' यांची जोडी लावतो. त्याच्या काळच्या उच्चारात ती जुळत असावी असं भाषा अभ्यासणारे मानतात. तेव्हा पुस्तकातल्या कवीने लावलंय म्हणजे आपणही लावावं, असं नाही.

स्पेलिंग एक आणि तोंडी एक याचा नमुना बघायला इंग्लंडला जायला नको. पावसाळ्यात अख्खी सांगली एकमेकांना विचारते, "आयर्विनला किती फूट?" 1929 चा हा पूल व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नावाचा. आणि त्या साहेबाच्या या किताबाचा इंग्रजी उच्चार 'अर्विन' असा आहे. आपण स्पेलिंग वाचलं, आणि आता तेच नाव आपलं झालं. नदीला पाणी चढताना कोणी 'अर्विन' म्हणालं तर लोक विचारतील, तो कुठला पूल?

टेन आणि ट्रेन. ऐकायला एकदम सारखं. तरी चूक?

चूकच. आणि हा सगळ्या यादीतला सगळ्यात आपला प्रश्न आहे, कारण इथे स्पेलिंग फसवत नाही, आपली मराठी फसवते. वर म्हटलेली देवनागरीची युक्ती नेमकी इथे लंगडी पडते.

लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन, दोन्ही आपण 'पेन' असंच लिहितो. लाल रंगाचा रेड आणि पोलिसांची रेड. विकणं म्हणजे सेल आणि दिवाळीचा सेल. ओला म्हणजे वेट आणि वजन म्हणजे वेट. मराठीत 'ए' एकच, त्यामुळे आपल्याला दोन्ही सारखेच ऐकू येतात. इंग्रजीत ते दोन स्वर आहेत. लिहायच्या पेनमधला 'ए' आखूड, तिथेच थांबणारा. दुखण्याच्या पेनमधला 'ए' निघतो आणि शेवटी 'इ'कडे सरकतो, जवळजवळ 'पेइन'. म्हणून टेन, मेन, हेन आणि लिहायचं पेन हा एक गट. ट्रेन, रेन, ब्रेन आणि दुखण्याचं पेन हा दुसरा. ग्रेप, शेप, टेप हेही दुसऱ्यातले, सगळ्यांत 'इ'ची शेपटी आहे. तासगावच्या मुलांना मी ग्रेपपासूनच हा धडा सुरू करून देते.

अशीच गत ह्रस्व-दीर्घाची. जहाजाचं शिप आणि मेंढीचं शीप आपण लिहिताना वेगळं लिहू, पण बोलताना मराठी माणूस दोन्ही एकाच लांबीचे करून टाकतो. मग शिपला 'कीप' जोडलं जातं. शिपला टिप, लिप. शीपला कीप, डीप. खेचण्याचा पुल आणि पोहण्याचा पूल हेही तसंच.

आणि 'अ‍ॅ'. आमच्या भागात बॅटला ब्याट म्हणतात, त्याची मी चेष्टा करू देत नाही. ब्याट म्हणणाऱ्या पोराला निदान कळलेलं असतं की हा 'बेट' नाही. 'मॅन' आणि 'मेन' एकच म्हणणारी शहरी मुलं मला जास्त अवघड जातात.

घरी करायचा सराव साधा आहे. आरशासमोर 'टेन' म्हणा, मग 'ट्रेन' म्हणा. दुसऱ्या वेळी जबडा शेवटी किंचित वर यायला पाहिजे. नाही आला तर पुन्हा.

शाळेत क्लर्क शिकवलं, मोबाइल क्लार्क म्हणतो. यमक कुठलं लावायचं?

दोन्ही खरे. ब्रिटिश उच्चार क्लार्क, त्याला पार्क आणि डार्क. अमेरिकन उच्चार क्लर्क, त्याला वर्क. आपल्या कचेऱ्यांत दोन्ही चालतात. एका कवितेत मात्र एकच धरा.

ब्रिटिश उच्चारात शेवटचा किंवा व्यंजनाआधीचा 'र' बोलतच नाहीत, म्हणून त्यांच्याकडे सॉस आणि हॉर्स यांचं यमक होतं. आपण 'र' स्वच्छ म्हणतो, आपल्याकडे होत नाही.

याचा सगळ्यात गमतीचा बळी म्हणजे एबीसीडीचं गाणं. ते 1835 साली अमेरिकेत, बोस्टनमध्ये छापलं गेलं. तिथे शेवटच्या अक्षराला 'झी' म्हणतात, त्यामुळे ओळींच्या शेवटी जी, पी, व्ही, झी असं एका माळेत येतं. आपल्या शाळा शिकवतात 'झेड'. मुलं सुरात गात येतात आणि शेवटी पायरी चुकल्यासारखी धडपडतात. यमकच गेलेलं असतं. लहान मुलांना मी गाण्यात झी म्हणू देते, अक्षर विचारलं की झेड. आजवर एकही मूल त्यात गोंधळलेलं नाही; गोंधळ पालकांचाच होतो.

एस आणि ई-डी लागलेले शब्द यमकात घेता येतात का?

येतात, आणि मोठी मुलं इथे हात मारू शकतात. अनेकवचनाचा एस नेहमी 'स' नसतो. कॅट्‌समध्ये 'स', डॉग्जमध्ये 'झ'कडे झुकणारा, बसेसमध्ये 'इझ'. म्हणून बॉक्सला क्लॉक्स जुळतो. आइज, म्हणजे डोळे, हा बक्षिसाच्या प्राइजला जुळतो. किमतीच्या प्राइसला नाही, त्याला आइस लागतो. भूतकाळाचंही तसंच, ड्रेस्डचा शेवट 'ट' होतो, म्हणून त्याला गेस्ट चालतो. पास्ड आणि फास्ट हीसुद्धा पक्की जोडी.

एकाच स्पेलिंगचे दोन उच्चार असतील तर?

अर्थ बघा. अश्रूंचा 'टिअर' इअरबरोबर, फाडण्याचा 'टेअर' केअरबरोबर. वाऱ्याचा 'विंड' वेगळा, किल्ली देण्याचा 'वाइंड' माइंडबरोबर. शिसं म्हणजे 'लेड', पुढारीपण करणं म्हणजे 'लीड'.

ऑरेंजला यमक नाही हे खरं का?

रोजच्या वापरातलं नाही, हे खरं. वेल्समध्ये ब्लॉरेंज नावाचा एक डोंगर आहे, तो जुळतो. पण संत्र्याच्या कवितेत प्रत्येक वेळी वेल्सला जायचं का? सिल्व्हरला चिल्व्हर असा एक जुना शब्द आहे, अर्थ मेंढीचं मादी कोकरू. मंथ, म्हणजे महिना, याचंही असंच अडतं. अशा वेळी कवी शब्द ओळीच्या मधे ढकलतात आणि शेवटी सोपा शब्द आणतात. मुलांनीही तेच करावं.

गंमत अशी की ऑरेंज निघाला आपल्याच 'नारंग'मधून. संस्कृतातून फारसी, अरबी, फ्रेंच असं करत इंग्रजीत पोचला आणि वाटेत त्याचा 'न' हरवला. आपल्या नारंगीला सारंगी घरबसल्या मिळते.

दहावीला 'राइम स्कीम' विचारतात. ते ए-बी-सी कसं घालायचं?

प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मोठ्याने म्हणा. पहिल्याला ए. दुसरा त्याच्याशी जुळला तर पुन्हा ए, नाही जुळला तर बी. नवा आवाज, नवं अक्षर. जुना आवाज परत आला की जुनंच अक्षर. चार ओळींत लागोपाठ जोड्या असतील तर ए-ए-बी-बी, एकाआड एक असतील तर ए-बी-ए-बी. शेक्सपिअरच्या धर्तीच्या चौदा ओळींच्या सुनीतात ए-बी-ए-बी, सी-डी-सी-डी, ई-एफ-ई-एफ आणि शेवटी जी-जी येतं.

यमक मुळीच नसेल तर घाबरून ओढूनताणून अक्षरं घालू नका. वृत्त आहे पण यमक नाही ती ब्लँक व्हर्स. दोन्ही नाहीत ती फ्री व्हर्स. रसग्रहणात या दोघांची अदलाबदल ही मी पाहिलेली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे.

मुलगी मोठ्या गटात आहे. यमकाचे शब्द सांगताच येत नाहीत. काळजी करू का?

एवढ्यात नको. पण खेळ म्हणून रोज पाच मिनिटं द्या. 1983 मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना काही शब्द ऐकवून त्यातला न जुळणारा ओळखायला सांगितलं होतं, आणि हे जमण्याचा पुढच्या वाचनाशी आणि स्पेलिंगशी संबंध दिसला. म्हणजे खेळ वाया जात नाही.

मात्र वही काढू नका. मूल अजून वाचत नाही हाच त्याचा फायदा आहे, त्याला स्पेलिंगची भूल पडत नाही. गाडीवर पुढे उभं केलंय, सिग्नल लागलाय, "कार म्हटल्यावर स्टार, जार, अजून काय?" एवढं पुरे. 'मार' म्हणालं तर हसा आणि धरा, कान बरोबर चाललाय. सुरुवात मराठीतून केली तरी हरकत नाही. शेजारीपाजारी, गोडधोड, उलटसुलट, उरलंसुरलं, आपली बोली तर यमकातच चालते. वॉकी-टॉकी आणि सुपर-डुपर ही त्यांचीच इंग्रजी भावंडं. वायफाय हे नावसुद्धा हायफायच्या चालीवर 1999 साली बेतलेलं आहे.

नेटवर यमक शोधून देणाऱ्या साइट असतात. वापरू देऊ का?

सातवीनंतर द्या. बऱ्याच साइट अमेरिकन उच्चार धरून चालतात, तेवढं लक्षात ठेवा. आणि ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाही तो कवितेत घालायचा नाही, हा माझा नियम. शंका आली की शब्दकोशात स्पीकरच्या चिन्हावर दाबून ऐका. जोर कुठे ते छोट्या उभ्या रेघेवरून कळतं, ती जोराच्या भागाच्या आधी असते.

उखाण्यात इंग्रजी यमक चालतं का? पुढच्या महिन्यात दिराचं लग्न आहे.

हा प्रश्न क्लासचा नाही, पण दर लग्नसराईत येतो. चालतं, न चालायला काय झालं? फक्त कानाला तपासून घ्या. 'टच'चं स्पेलिंग बघितलं तर ते सोफ्याच्या 'काउच'सारखं दिसतं, ऐकायला मात्र तो 'मच'चा जोडीदार. मागच्या वर्षी एका मुलीच्या आईला हा करून दिला होता, हवा तर घ्या:

सांगलीच्या भडंगाला लसणीचा टच,
अमुकरावांचं नाव घेते, आग्रह झाला टू मच.